आधी चिप, मग सुई

२६ ऑगस्ट

ही वही मुळात वनशास्त्राच्या तासाची. पहिली नऊ पानं झाडांच्या सालींवर आहेत, ती फाडत नाही. कॉलेज मी सोडलं, कागदानं माझं काय घोडं मारलंय.

ब्रिटा आज गेली. जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी, दोन वर्षांचा करार. विमानतळावर मी आणि वॉल्टर. वॉल्टर तिच्या वडिलांचा कुत्रा. अकरा वर्षांचा, अर्धा बीगल आणि उरलेला अर्धा कोण ते देवाला ठाऊक. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून हा तिच्या पायांना चिकटलेला. नोकरीचं पत्र आलं जुलैत आणि कुत्रा जपानला न्यायचा तर तयारीलाच सात-आठ महिने. रडकुंडीला आली होती बिचारी. मीच म्हणालो, "तू हो पुढे. मी करतो सगळं. वसंतात वॉल्टर तुझ्या दारात."

तिनं मला मिठी मारली. वॉल्टरला जास्त वेळ मारली, पण तो कुत्रा आहे.

एका कागदावर सगळं लिहून दिलंय तिनं. पहिल्याच ओळीखाली दोन रेघा: आधी चिप, मग सुई. मी फ्रिजवर लावलाय. अक्षर काय गोड आहे तिचं. 'ग' तर नुसता बघत बसावा.

वॉल्टर जाईल तेव्हा मीही त्याच विमानात असणार. हे तिला सांगितलेलं नाही. तोंड बघायचंय तिचं.

२ सप्टेंबर

डॉ. पेल्कीकडे गेलो होतो. आता जाणार नाही.

म्हातारी वॉल्टरला ब्रिटाच्या वडिलांच्या काळापासून तपासते. आज छातीला नळी लावून पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "हृदयात थोडी खरखर आहे. गोळ्या सुरू करू. आणि चिप आजच घालू, रेबीजची सुई त्यानंतर." इथपर्यंत ठीक. मग चष्म्यावरून बघत विचारते, "ब्रिटा दोन वर्षांनी परत येणार आहे का रे?"

"येणार म्हणजे? अर्थात येणार."

"मला तसं बोलली नाही. कुत्रं मागवून घेणारी माणसं सहसा परत येत नसतात. तुला त्रास होऊ नये म्हणून म्हणते हो, वेस."

कोणी विचारलं होतं तिला? मी म्हणालो, "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात ना? मग जनावरांपुरतं बघा." वॉल्टरला उचललं आणि निघालो. दार जोरात लागलं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला, बहुतेक बिस्किटांची बरणी.

गोळ्यांची बाटली तेवढी खिशात होती.

९ सप्टेंबर, शनिवार

शेतीसामानाच्या दुकानासमोर दर शनिवारी लसींचा तंबू असतो. रांग, कुत्री, मांजरं, एक बकरीसुद्धा. कोणी नसत्या चौकशा करत नाही. वॉल्टरला रेबीजची सुई टोचून घेतली. चिप मागितली तर पोरगी म्हणाली, "डबा संपला. पुढच्या शनिवारी ये."

एक क्षण ब्रिटाचा कागद डोळ्यांसमोर आला. पण तासभर उभा राहिलो होतो, आणि पेल्कीबाईच्या दारात नाक घासत परत जायची माझी तयारी नव्हती. दोन्ही गोष्टी झाल्याशी मतलब. आठवडा इकडेतिकडे झाल्यानं कुत्र्याच्या अंगात काय फरक पडतो?

ब्रिटाला कळवलं: सुई झाली. तिनं वॉल्टरसाठी सात बदाम पाठवले. माझ्यासाठी अंगठा.

१६ सप्टेंबर

चिप घातली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या कातडीखाली, आत कुत्र्याचा ओळख क्रमांक. वॉल्टर कुंईसुद्धा म्हणाला नाही. फॉर्मवर मालकाचं नाव विचारलं होतं. ब्रिटाचा तिकडचा पत्ता पाठ नव्हता, म्हणून माझं लिहिलं. वेस्ली नीमी, दुलुथ. लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्हा दोघांचाच तर आहे तो.

२४ ऑक्टोबर

रक्त काढायला शेवटी पेल्कीकडेच जावं लागलं, तंबूत रक्त काढत नाहीत. दुसरी सुईही तिनंच दिली होती, चौदाला. बरणीचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

"पहिली सुई चिपनंतरच झाली ना?"

"हो हो."

"कागद?"

"घरी आहेत. आणतो."

रक्त कॅन्ससच्या प्रयोगशाळेत जाणार, लस लागू पडली का बघायला. आजपासून एकशेऐंशी दिवस मोजायचे, म्हणजे एकवीस एप्रिल. त्यानंतर वॉल्टर जपानात शिरू शकतो. आर्नेमामाच्या दुकानातलं माशांच्या चित्रांचं कॅलेंडर मी ताब्यात घेतलंय, रोज एक फुली. मामाच्या दुकानात सध्या मी गळाला लावायच्या मासोळ्या आणि जळवा विकतो. मामा म्हणतो, "काय जावईबापू, जपानला हुंडा म्हणून म्हातारं कुत्रं नेतोयस का?"

"मामा, तुला नाही कळायचं."

"मला जळवांचं कळतं. एकदा चिकटली की रक्त संपेपर्यंत सोडत नाही. पण निदान तिला सरकारी परवानगी लागत नाही."

सुपीरिअर सरोवरावरून बर्फाळ वारा सुटलाय. मामा विनोद सांगून स्वतःच हसतो, हे मला अजिबात आवडत नाही.

११ डिसेंबर

पिंजऱ्याची सवय सुरू. विमानात पंधरा-सोळा तास आत बसायचं, तर पिंजरा हा तुरुंग नाही, घर वाटला पाहिजे. आधी नुसतं आत जेवण. मग दार लावून पाच मिनिटं. आज वीस झाली.

ब्रिटानं वडिलांचा निळा लोकरी स्वेटर ठेवलाय आत अंथरायला, वासासाठी. मी त्याच्यावर माझा टी-शर्ट घातला. न धुतलेला. म्हणजे विमानतळावर तिनं पिंजरा उघडला की माझाही वास येईल. वॉल्टर रोज तो पायानं ओढून दाराशी टाकतो आणि स्वेटरवर झोपतो. मी रोज परत घालतो. बघू कोण दमतं.

२८ जानेवारी

ब्रिटाचा फोन. तिकडे रात्रीचे नऊ, इकडे सकाळचे सहा. वॉल्टरला फोनसमोर धरलं. तिचा आवाज ऐकून शेपटी अशी हलवली की कॉफी सांडली.

म्हणाली, "आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, त्याला चढवणार नाहीत म्हणून दाइचीनं लाकडी उतार करून ठेवलाय. फोटो पाठवते."

दाइची कोण ते विचारायचं राहिलं. घरमालक असावा, नाहीतर शेजारी. त्या लोकांत शेजारधर्म फार असतो म्हणतात. उतार मात्र नीट रंधा मारून केलाय, कडांना काथ्या लावलाय. इतकं मन लावून कोण करतं शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी?

मी विचारलं, "माझी आठवण येते का?"

ती म्हणाली, "वेस, तू वॉल्टरसाठी जे करतोयस ना, ते मी आयुष्यभर विसरणार नाही."

आयुष्यभर म्हणाली.

४ मार्च



जपानच्या कचेरीला चाळीस दिवस आधी कळवावं लागतं, त्यासाठी पेल्कीनं सगळे कागद मागितले. आज नेले. तिनं एकेक वाचून बाजूला ठेवला. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तसेच राहू दिले.

"वेस, सुई नऊ तारखेची आहे. चिप सोळाची."

"मग? सात दिवस तर आहेत मध्ये."

"सुई कोणाला टोचली हे चिपवरून ठरतं. नऊ तारखेला या कुत्र्याला नाव नव्हतं. त्यांच्या लेखी ती सुई झालीच नाही. म्हणजे रक्त काढलं तेव्हा एकच सुई होती. दोन लागतात."

"तुम्ही बघितलंय ना त्याला? हाच तो कुत्रा! मी शपथेवर सांगतो!"

"मला नको सांगूस. मी ओळखते त्याला."

"मग तारीख बदला. एकाच आकड्याचा तर प्रश्न आहे. सोळातला एक पुसला की सहा."

तिनं चष्मा काढला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या सहीखाली खोटी तारीख जाणार नाही. आणि तिकडे पकडलं गेलं, तर त्याला महिनोन् महिने विमानतळावरच्या कोठडीत ठेवतील. तुला हवंय का तसं?"

पुन्हा सुई, पुन्हा रक्त, पुन्हा एकशेऐंशी दिवस. सप्टेंबर.

मग तिनं वॉल्टरच्या छातीला नळी लावली. या वेळी पाच मिनिटांहून जास्त. "हृदय वाढलंय. एप्रिलच्या प्रवासाला मी सही देण्याच्या तयारीत होते. सप्टेंबर तो बघेल की नाही, मला सांगता येणार नाही. ब्रिटाला आजच कळव. सगळं."

वॉल्टर टेबलावर बसून माझा अंगठा चाटत होता.

५ मार्च

संदेश लिहिला. पुसला. परत लिहिला. "चिप उशिरा घातली, चूक माझी," हे सात वेळा लिहिलं आणि सात वेळा पुसलं. तिनं दोन रेघा मारल्या होत्या खाली. शेवटी पाठवलं: "जपानच्या कचेरीनं काहीतरी नवीन खुसपट काढलंय. सप्टेंबर उजाडेल. काळजी नको."

खोटं पूर्ण नाही हे. खुसपट त्यांचंच आहे.

११ मार्च

ब्रिटाचा संदेश, जसाच्या तसा उतरवतो. "शाळेला पंचवीस मार्चपासून सात एप्रिलपर्यंत सुट्टी आहे. दाइचीबरोबर दक्षिणेकडे जायचं ठरलं होतं, पण ते रद्द करून मी तिकडे येऊ का? सप्टेंबर फार लांब आहे. म्हातारा झालाय तो. खरं सांग, तब्येत कशी आहे? बरी नसेल तर मी उद्या तिकीट काढते."

चार वेळा वाचलं. येईन म्हणते! सात महिन्यांनी पहिल्यांदा येईन म्हणते. दुकानात नाचलो. एका गिऱ्हाइकाला जळवांची पुडी फुकट दिली.

मग लक्षात आलं, आली की पहिली पेल्कीकडे जाईल. पेल्की ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवील.

मामाला विचारलं. सगळं नाही, थोडं.

"येऊ दे की पोरीला. कुत्रं भेटेल तिला."

"मामा, ती माझं तोंड बघणार नाही."

"आता तरी कुठे बघतेय? तुझं तोंड आहे कुठे नि ती आहे कुठे! अरे शहाण्या, प्रश्न तुझ्या तोंडाचा नाहीये, कुत्र्याचा आहे."

माझं डोकं फिरलं. मासोळ्यांची जाळी आपटून बाहेर पडलो. सरोवराकाठी तासभर चाललो, पाय बधिर होईपर्यंत. मग लिहिलं: "वॉल्टर ठणठणीत. उगाच सुट्टी घालवू नकोस. सप्टेंबरला आणतोच त्याला."

"आणतोच." पाठवतो नाही, आणतो. कळलं असेल तिला.

उत्तर: "देवासारखा आहेस."

२७ मार्च

वॉल्टर अंगणात चालता चालता कोसळला. दोन-तीन मिनिटं डोळे उघडे, पण बघत नव्हते. मग उठला, अंग झटकलं, आणि जणू मीच पडलो होतो असं माझ्याकडे बघितलं.

पेल्कीनं गोळ्या दुप्पट केल्या. चीजमध्ये लपवून देतो. चीज खातो आणि गोळी हलकेच गालातून बाहेर ठेवतो.

"ब्रिटा काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"कळवलंय."

"तिचा नंबर दे. मीच बोलते."

"मालक मी आहे. बघा फॉर्म. माझं नाव आहे."

तिनं खरंच फॉर्म बघितला. मग म्हणाली, "हो. तुझंच आहे." आणि हात धुवायला गेली.

१० एप्रिल

ब्रिटा दक्षिणेहून परतली. वॉल्टरचा आजचा फोटो मागत होती. आजचा कसा देणार, फासळ्या मोजता येतात. ऑक्टोबरमधला पाठवला, मॅपलखाली जीभ काढून बसलेला.

ती: "अय्या, किती छान ऊन! यंदा बर्फ लवकर गेला वाटतं?"

मी: "हो, यंदा गेलाच म्हणायचा."

मग उठलो आणि दारातला बर्फ उपसला. रात्रीत सहा इंच पडला होता.

वॉल्टर आता दिवसभर पिंजऱ्यातच असतो. दार उघडं असतं, तरी तिथेच. शिकवण फारच नीट बसली. माझा टी-शर्ट मी आता घालत नाही. हट्ट सोडला.

२१ एप्रिल

आज एकशेऐंशीवा दिवस. आधीचा. कॅलेंडरवर शेवटची फुली मारली, कारण हात तिकडे गेलाच.

२ मे

वॉल्टर गेला.

सकाळी साडेसहाला चीज घेऊन गेलो. पिंजऱ्यात स्वेटरवर वेटोळं करून, नाक दाराकडे. विमानात जनावरानं जसं बसावं म्हणून ते पुस्तकात चित्र असतं ना, अगदी तसंच. मी दोनदा हाक मारली. मग हात लावला.

मामा दुकान बंद करून आला.  पिंजरा स्वेटरसकट उचलून गाडीत ठेवला. पेल्कीकडे जाताना म्हणाला, "वळणावर हळू घेतो." कोणासाठी, ते विचारलं नाही.

जमीन अजून दगडासारखी गोठलेली, पुरायची सोय नाही. पेल्कीनं दहनाचा कागद पुढे केला. "ब्रिटाला विचारून सही कर. घाई नाही, मी ठेवीन त्याला शीतपेटीत. हवे तेवढे दिवस."

मी सही केली. तिथल्या तिथे. मालक: वेस्ली नीमी. मला तो बर्फात ठेवलेला सहनच होत नव्हता. शिवाय ब्रिटानं तो आता बघितला असता तर...

वाक्य पूर्ण करत नाही.

४ मे

काल सांगितलं तिला. आज लिहितोय.

सकाळी सातला फोन केला. तिनं उचलल्या उचलल्या, "वॉल्टर कुठे? दाखव की!" मी सांगितलं.  मागून एका पुरुषाचा आवाज आला, हळू, जपानीत. तिनं त्याला काहीतरी सांगितलं. माझ्याशी कधी बोलली नाही अशा आवाजात.

मग म्हणाली, "जाळू नका. मी येते. उद्या निघते. बाबांच्या शेजारी ठेवायचंय मला त्याला."

"झालं," मी म्हणालो. "काल संध्याकाळी."

"कोणी सही केली?"

"मी."

"तू कोण?"

 मग ती एकेक विचारू लागली, वकिलासारखं. आजारी कधीपासून होता? तारीख का लांबली? कचेरीचं खुसपट कुठलं? मी सांगत गेलो. नऊ तारीख, सोळा तारीख, तंबू. सांगताना मला जरा हलकंच वाटायला लागलं होतं, खरंच. मला वाटलं, आता तिला कळेल की मी किती...

"आणि हे तुला मार्चमध्ये माहीत होतं?"

"चार मार्चला."

"मी अकराला विचारलं होतं."

"हो."

"चौदा दिवस होते माझ्याकडे, वेस. मी समुद्रकिनाऱ्यावर बसून शिंपले वेचत होते." मग, "तो फोटो. मॅपलला पानं होती. मी बघितलं होतं. म्हटलं, नाही, वेस असं करणार नाही."

फोन ठेवला. मी परत केला. उचलला तो दाइचीनं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फार अदबीनं म्हणाला, "कृपा करून, आता नको." मी त्याला शिव्या घालणार होतो. तोंडापर्यंत आल्या होत्या. पण डोळ्यांपुढे तो लाकडी उतार आला, काथ्या लावलेला.

९ मे

पेल्कीचा फोन आला, ये म्हणून. दारात नवीन बरणी होती, प्लॅस्टिकची.

टेबलावर लहानसा लाकडी डबा. मी हात पुढे केला, तर तिनं त्यावर आपला हात ठेवला. "ब्रिटा बोलली माझ्याशी. हा डबा तुझ्या हातात देऊ नका म्हणाली. तिची आई पुढच्या शुक्रवारी बाहेरगावाहून येऊन नेणार आहे. पण नोंदीत मालक तू आहेस. कायद्यानं मी तुलाच द्यायला पाहिजे. आता तूच सांग, काय करू."

पूर्वीचा मी असतो तर डबा उचलून चालता झालो असतो. दार आपटून. तसं मनात आलंच नाही असं नाही. डबा केवढासा, कोटाच्या खिशात मावला असता. शुक्रवारपर्यंत मी कुठेही पोचलो असतो. जपानलासुद्धा. राखेला सुई लागत नाही, दिवस मोजावे लागत नाहीत.

"नाव बदलता येतं का?" मी विचारलं. "चिपच्या नोंदीतलं? तो नसला तरी?"

 पेल्कीनं दुसऱ्या हातानं खणातून फॉर्म काढला. मी चिपचा क्रमांक घातला, पंधरा आकडे. बघून लिहावा लागला नाही. आधीचा मालक. नवीन मालक: ब्रिटा सोलबर्ग. तिकडचा पत्ताही घातला, आता तो पाठ आहे. खाली दोन चौकटी होत्या, एक सहीची, एक तारखेची. पेन तिथेच थांबलं.

"डॉक्टर, आधी काय करायचं? सही की तारीख?"

तिनं डब्यावरचा हात काढला नाही. "कर कसंही," म्हणाली. "आता कुठलाही क्रम चालतो."